भिंत वाकडी, कपाट सरळ

सुरतेच्या उधन्यातल्या नव्या इमारतीतला कुठलाही फ्लॅट घ्या. बेडरूमच्या एका बाजूला बिल्डरने कपाटासाठी जागा सोडलेली असते. टेप लावला तर ती खाली सात फूट भरते, कमरेच्या उंचीवर एक सूत कमी आणि वर स्लॅबजवळ दोन सूत जास्त. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, सव्वातीन मिलिमीटरच्या जरा आत. यात गवंड्याचा काही गुन्हा नाही. विटांची भिंत, हाताने ओढलेलं प्लास्टर आणि त्यावर पुट्टी असं काम झाल्यावर भिंतीला कुठे पोट सुटतं, कुठे ती खोलगट राहते. डोळ्याला ते कळत नाही. सरळ कडेचं कपाट शेजारी उभं केलं की लगेच कळतं.

जुन्या पद्धतीत याचा त्रास फारसा होत नसे, कारण मिस्त्री घरातच काम मांडायचा. प्लायच्या शीट जिन्याने वर यायच्या, हॉलमध्ये महिनाभर भुसा उडायचा आणि कपाट भिंतीला लावून बघत बघत तयार व्हायचं. फळी अडली तर रंधा मारायचा, फट राहिली तर पट्टी ठोकायची. माप आणि काम एकाच माणसाच्या हातात होतं, त्यामुळे चूक जागेवरच जिरायची.

आता कपाट उद्योगनगरातल्या नाहीतर पांडेसरा-बमरोलीकडच्या एखाद्या शेडमध्ये कापलं जातं आणि भिंत राहते काही किलोमीटर लांब. संगणकावर चालणारा राउटर, ज्याला सगळे नुसतं ‘सीएनसी’ म्हणतात, मिलिमीटरच्या लहानशा अंशापर्यंत नेमका कापतो. पण त्याला भिंत दिसत नाही, फक्त आकडे दिसतात. म्हणून या कामातला सगळ्यात अवघड भाग त्या बेडरूममध्येच उरकावा लागतो. वाकडी भिंत आकड्यांत उतरवून शेडपर्यंत न्यायची असते. गिऱ्हाईक मशीन बघायला हौसेने जातं आणि दुकानदार मापं घ्यायला नवशिका पोरगा पाठवतो. मला हा उलटा कारभार वाटतो.

मापं कधी घ्यायची हे आधी ठरवावं. पुट्टी झालेली हवी, फरशी आणि तिची स्कर्टिंग बसलेली हवी. स्कर्टिंगची टाइल भिंतीच्या पुढे सेंटीमीटरभर येते. दोन्ही बाजूंनी धरलं तर जमिनीजवळची जागा दोन सेंटीमीटरने कमी होते आणि कपाटाची रुंदी कित्येकदा तीच ठरवते. प्लास्टर ओलं असताना ‘अंदाजे’ घेतलेल्या मापावर कपाट कापायला देऊ नये.

माप घ्यायला हल्ली मुठीत मावणारं लेझर मीटर वापरतात. लाइका कंपनीने असं पहिलं हातात धरायचं मीटर १९९३ मध्ये बाजारात आणलं. त्याचं काम समजून घेण्यासारखं आहे. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. सेकंदाचे एक लाख कोटी तुकडे केले, तर एक मिलिमीटर जाऊन परत यायला त्याला त्यातले जेमतेम सात तुकडे लागतात. इतका बारीक वेळ स्वस्तातल्या यंत्राला सरळ मोजता येत नाही. म्हणून ते किरणाची तीव्रता सेकंदाला कोट्यवधी वेळा कमी-जास्त करत राहतं. भिंतीवर आपटून परतलेल्या प्रकाशातले चढउतार पाठवलेल्या चढउतारांपेक्षा थोडे मागे पडलेले असतात. किती मागे, यावरून अंतर निघतं. अर्धी लाट मागे पडली की दीड, हे एका लयीवरून कळत नाही, तेव्हा यंत्र दोन-तीन वेगळ्या लयींनी मोजून उत्तर पक्कं करतं. आपण बटण दाबतो आणि हे सगळं डोळ्याचं पातं लवेपर्यंत उरकतं.

एवढं करून साध्या मीटरची अचूकता अधिक-उणे दीड ते दोन मिलिमीटर असते. चांगला स्टीलचा टेप छोट्या अंतरावर याहून वाईट नाही. लेझरचा फायदा दुसरा आहे. टेप कोपऱ्यात वाकवावा लागतो आणि नेमका वाकण्याच्या जागी आकडा अंदाजाने वाचावा लागतो. सात फुटांवर तो मधे झोळही खातो. लेझर एका भिंतीला टेकवला की एकटा माणूस समोरच्या भिंतीपर्यंतचं माप घेऊ शकतो, तेही पाच-सहा उंचींवर, पाच-सहा मिनिटांत.

त्याच्या खोड्या मात्र माहीत हव्यात. पहिली खोडी तिरकेपणाची. मीटर तीन अंश तिरकं धरलं तर सात फुटांवर जवळजवळ तीन मिलिमीटर जास्त दाखवतं. तिरकं माप नेहमी जास्तच येतं, कमी कधी येत नाही. म्हणून बऱ्याच मीटरांत सलग मोजण्याची सोय असते. मीटर हळू फिरवत राहायचं आणि त्यातला सगळ्यात लहान आकडा घ्यायचा, तो काटकोनातला. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा कर्ण मोजताना याच्या उलट, सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा. दुसरी खोडी टोकाची. मोजणी यंत्राच्या मागच्या कडेपासून करायची की पुढच्या, हे बटणाने बदलतं. ते चुकून बदललं गेलं तर माप यंत्राच्या अख्ख्या लांबीएवढं चुकतं. ही चूक मोठी असल्याने निदान लक्षात तरी येते. तिसरी खोडी चकचकीत टाइल, आरसा आणि बाल्कनीतून येणाऱ्या उन्हाची. तिथे किरण नीट परतत नाही. भिंतीवर पांढरं कार्ड धरलं की हा प्रश्न सुटतो. आणि हो, लाल ठिपका कुणाच्या डोळ्यात जाऊ द्यायचा नाही, विशेषतः घरात लहान मुलं नाचत असतील तेव्हा.

रुंदी कळली तरी भिंतीचा वाकडेपणा कळलेला नसतो. त्यासाठी दुसरं यंत्र लागतं, ते रेषा टाकणारं. तिपाईवर ठेवलं की ते आतल्या आत स्वतःला समतोल करून घेतं आणि भिंतीवर एक उभी, एक आडवी उजेडाची रेषा पाडतं. मिस्त्रीचा ओळंबा आणि पाण्याची नळी जे करत होती तेच हे करतं, फक्त झटपट आणि सगळ्या खोलीभर एकदम. उभी रेषा बाजूच्या भिंतीपासून पन्नासेक मिलिमीटरवर पाडायची आणि दर फुटाला भिंत व रेषा यांच्यातलं अंतर पट्टीने लिहून घ्यायचं. खाली ५०, मधे ४७, वर ५४ असे आकडे आले की भिंतीचं चित्रच हातात आलं. आडव्या रेषेवरून फरशीचा उतार तसाच निघतो. कोपरा काटकोनात आहे का हे बघायला मात्र शाळेतलं गणित पुरतं. एका भिंतीवर ६०० मिलिमीटर, दुसरीवर ८०० मिलिमीटर खुणा करायच्या. खुणांमधलं अंतर नेमकं १००० आलं तर काटकोन.

आपल्या बेडरूमचे आकडे आता मिलिमीटरमध्ये असे झाले. जमिनीवर स्कर्टिंग धरून २११४, त्याच्या वर २१३४, मधे २१३०, वर २१४०. कपाट यातल्या सगळ्यात लहान आकड्यात बसायला हवं आणि सरकवायला थोडी मोकळीकही हवी. म्हणून ७०० मिलिमीटरची तीन खोकी, एकूण २१००. उरलेली फट दोन्ही बाजूंना पातळ पट्ट्यांनी झाकायची. या पट्टीला मिस्त्री फिलर म्हणतात, आणि सगळा वाकडेपणा पोटात घेण्याचं काम तिचं. खोकी सरळच्या सरळ, पट्टी भिंतीसारखी वाकडी.

उंचीत एक गंमत आहे. २४०० उंच आणि ६०० खोल खोकं जमिनीवर आडवं जोडलं आणि मग उभं करायला गेलं, तर उभं होताना त्याचा कर्ण छताखालून जावा लागतो. तो कर्ण भरतो २४७४. फॉल्स सीलिंगखाली २४५० च उरले असतील तर कपाट बसतं, पण उभं राहत नाही. खालचं कपाट सात फुटांच्या आत आणि वर लॉफ्टचं खोकं वेगळं, या रिवाजामागे लिफ्टचा आकार जसा आहे तसं हेही एक कारण आहे.

पुढचं काम संगणकावर होतं. कॅबिनेट व्हिजन, मोझाइक, इन्फर्निया अशा सॉफ्टवेअरमध्ये कपाट आकड्यांच्या नात्यांनी बांधलेलं असतं. रुंदी ७०० ची ६९० केली की तळ, फळ्या, पाठीची फळी आणि दरवाजे आपोआप बदलतात. दोन्ही बाजूंच्या फळ्या १८ मिलिमीटरच्या, म्हणून तळ ७०० वजा ३६, म्हणजे ६६४. दोन दरवाजे असतील तर दोघांच्या मधे ३ आणि कडेला दीड-दीड मिलिमीटर फट सोडून प्रत्येक दरवाजा ३४७ चा. कडेला दोन मिलिमीटरची पट्टी चिकटणार असेल तर कापताना फळी त्या बाजूने तेवढी लहान धरायची. हे सगळं सॉफ्टवेअर करतं.

पण प्लाय १८ चा आहे हे त्याला कुणी सांगितलं? बाजारातला १८ चा प्लाय बऱ्याचदा १८ भरत नाही. समजा तो १७.४ निघाला. तळ ६६४ च कापला, तर खोकं ७०० ऐवजी ६९८.८ चं होतं आणि तिन्ही खोकी मिळून साडेतीन मिलिमीटर गायब होतात. दरवाजे मात्र ७०० धरूनच कापलेले. म्हणून शहाणं वर्कशॉप प्रत्येक लॉटमधल्या शीटची जाडी व्हर्नियरने मोजतं आणि तो आकडा सॉफ्टवेअरमध्ये घालतं. जाडी एकसारखी घासून आणलेला कॅलिब्रेटेड प्लाय मिळतो, तो थोडा महाग पडतो. सीएनसीवर काम करायचं असेल तर तो खर्च वाया जात नाही.

मग शीटवर तुकडे मांडायचे, त्याला नेस्टिंग म्हणतात. शीट आठ बाय चार फूट, म्हणजे २४४० बाय १२२०. आपल्याकडे कपाटाची खोली विचारली की उत्तर ठरलेलं, ‘दोन फूट’. दोन फूट म्हणजे ६०९.६. अशा दोन फळ्या शेजारी ठेवल्या तर १२१९.२ होतात आणि मधे राउटरचं कापणारं सहा मिलिमीटरचं बिट फिरणार आहे, ते आपल्या जाडीएवढा भुसा खातं. बेरीज १२२५, शीट १२२०. मावत नाही. दोन फुटांच्या हट्टाने शीटची जवळजवळ अर्धी रुंदी तुकड्यांत जाते. खोली ६०० केली की १२०६ भरतात आणि दोन्ही कडांना सात-सात मिलिमीटर कारखान्याची खरबरीत कड छाटायलाही उरतात. पुढे दरवाजा बसल्यावर बाहेरून कपाट दोन फुटांच्या जरासं वरच दिसतं. गिऱ्हाइकाने ‘दोन फूटच पाहिजे’ म्हणण्याआधी हा हिशेब एकदा ऐकून घ्यावा. लाकडाच्या रेषांचा लॅमिनेट असेल तर तुकडे आडवे फिरवता येत नाहीत, तेव्हा वाया जाणारा माल आणखी वाढतो. सॉफ्टवेअर कितीही हुशार असलं तरी त्यावर इलाज नाही.

मशीनला यातलं काहीच कळत नाही. त्याच्याकडे येते ती ओळींची यादी. जी० म्हणजे हवेतून वेगाने जा, जी१ म्हणजे कापत सरळ जा, जी२ आणि जी३ म्हणजे गोलाईत जा, आणि पुढे एक्स, वाय, झेडचे आकडे. सुरतेला हे परकं नाही. एम्ब्रॉयडरीच्या मशीनला डिझाइनची फाइल देऊन डझनावारी सुया एकाच नक्षीवर चालवणारी माणसं इथे गल्लोगल्ली आहेत, आणि इलेक्ट्रॉनिक जॅकार्डही फाइलवरच विणतो. नातं तर त्याहून जुनं आहे. फ्रान्समधल्या जाकारने १८०४ च्या सुमारास भोकांच्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग आणला, आणि अमेरिकेत एमआयटीमध्ये १९५२ मध्ये आकड्यांवर चालणारं धातू कापायचं पहिलं मशीन दाखवलं गेलं तेव्हा तेही कागदी फितीवरची भोकंच वाचत होतं. ताप्ती लाईनने नंदुरबार, अमळनेर, धरणगावकडून उधन्याला येऊन मागावर उभ्या राहिलेल्या घरांतलं एखादं पोरगं आज सीएनसी चालवत असेल, तर तो फार लांबचा प्रवास नाही.

शीट टेबलावर धरून ठेवते ती हवा. टेबलावर एमडीएफचा जाड थर असतो. एमडीएफमधून हवा पाझरते. खालून पंपाने हवा ओढली की वरचा वातावरणाचा दाब शीटला खाली दाबून धरतो. हा दाब दर चौरस सेंटीमीटरला जास्तीत जास्त एक किलोच्या आसपास, म्हणून मोठा तुकडा घट्ट बसतो आणि छोटा सरकू शकतो. छोटे तुकडे कापताना तळाशी कागदाएवढी कातडी ठेवून दुसऱ्या फेरीत ती सोडवतात. पावसाळ्यात दमटपणाने पिळवटलेली शीट नीट चिकटत नाही, कडेखालून हवा शिरते. सुरतेच्या हवेत हे चार महिने ऑपरेटरची डोकेदुखी असते.

बिट मिनिटाला अठरा हजार फेरे घेतं. दोन धारांचं बिट मिनिटाला नऊ मीटर चालवलं, तर प्रत्येक धार पाव मिलिमीटरचा छिलका काढते. भीतीपोटी वेग कमी केला की धार कापायच्या ऐवजी घासते, भुसा पिठासारखा होतो, कड काळी पडते आणि बिट तापून मरतं. नवा ऑपरेटर हीच चूक करतो, कारण हळू काम म्हणजे सुबक काम असं त्याला वाटतं. लॅमिनेटसाठी बिटही खास असतं. त्याची खालची धार भुसा वर ओढते आणि वरची धार खाली दाबते, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या सनमायकाच्या कडा उडत नाहीत.

सगळीकडे राउटरच असतो असंही नाही. पुष्कळ शेडमध्ये सरळ काप पॅनल सॉवर होतात. त्यात मोठ्या पात्याच्या पुढे एक छोटं पातं खालच्या लॅमिनेटवर आधी चर पाडतं. भोकं पाडायला वेगळं मशीन असतं. कपाटं चौकोनीच असतात, तेव्हा हे पुरतं. कडांना गरम गोंदाने पट्टी चिकटवणारं एज बँडर मशीन मात्र दोन्हीकडे लागतंच.

भोकांची गोष्ट थोडी सांगायला हवी. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत फर्निचरच्या कारखान्यांनी ३२ मिलिमीटरची पद्धत रूढ केली. बाजूच्या फळीवर ५ मिलिमीटरची भोकं, दोन भोकांत ३२ चं अंतर, पुढच्या कडेपासून पहिली ओळ ३७ वर. बिजागऱ्या, चॅनल, फळीचे टेकू सगळे या ओळीवर बसतील असेच बनवले जातात. दरवाजात बिजागरीसाठी ३५ मिलिमीटर व्यासाचा खड्डा असतो. मशीनने हे दोन्ही खरोखर त्याच जागी पाडले असले की दरवाजा पहिल्याच प्रयत्नात लटकतो. बिजागरीच्या स्क्रूवर वर-खाली, आत-बाहेर दोनेक मिलिमीटर सरकवता येतं. त्याच्या पलीकडची चूक स्क्रूने झाकली जात नाही.

घरी आल्यावर काम निम्म्याहून अधिक मिस्त्रीचंच असतं. आधी लेझरची आडवी रेषा भिंतीवर घ्यायची, फरशीचा सगळ्यात उंच भाग शोधायचा आणि तिथून खोक्यांचे पाय स्क्रूने कमी-जास्त करत तिन्ही एका पातळीत आणायची. मग फिलर. भिंतीच्या नोंदी चांगल्या घेतल्या असतील तर ही वाकडी कडही सीएनसीवर कापून आणता येते. पण बहुतेक जण पट्टी पाचेक मिलिमीटर जास्त रुंद आणतात, जागेवर भिंतीची रेघ तिच्यावर उतरवतात आणि रंध्याने घासून बसवतात. शेवटचे पाच मिलिमीटर अजून हाताचेच आहेत, आणि ते चांगले हात असतील तर कपाट भिंतीतून उगवल्यासारखं दिसतं.

सीएनसीचं यंत्र आपल्या मिस्त्रीने विकत घ्यायला हवं असं नाही. उधन्यात कापड एका शेडमध्ये विणलं जातं, दुसरीकडे प्रोसेस होतं आणि तिसरीकडे त्यावर काम होतं. लाकडालाही तोच जॉबवर्कचा हिशेब लागू होतो. मिस्त्री प्लाय आणि मापांची यादी घेऊन जातो, कापून आणि पट्टी लावून माल घेऊन येतो. तोटा एवढाच की चूक निघाली तर कापणारा म्हणतो ‘यादी तशी होती’, आणि तो बरोबर असतो. भुशाच्या बाबतीत मात्र हा मोठा फायदा आहे. लाकडाचा भुसा कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवलेलं आहे. तो शेडमध्ये पाइपने ओढून घेता येतो. घराच्या हॉलमध्ये तो आजी-आजोबांच्या आणि लेकरांच्या छातीत जातो.

‘सीएनसीचं काम’ या पाटीने प्लाय चांगला होत नाही, हेही ध्यानात असू द्यावं. ओट्याखाली पाणी लागणाऱ्या जागी आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लाय हवा असेल तर शीटवरचा शिक्का कापायच्या आधी बघावा. नंतर तो तुकड्यांत जातो.

ऑर्डर देताना प्रत्येक खोक्याचं मिलिमीटरमधलं ड्रॉइंग मागा आणि त्यावर दोघांच्या सह्या करा. काम झाल्यावर कापायची फाइल, लॅमिनेटचा नंबर आणि बिजागरीचं मॉडेल लिहून घ्या. पाच वर्षांनी एखादा दरवाजा फुगला तर तेवढाच पुन्हा कापून मिळतो. आणि मापं घ्यायला माणूस येणार असेल त्या दिवशी पलंग, पेट्या आधीच बाजूला सरकवून ठेवा. भिंत फरशीपर्यंत मोकळी नसेल तर रेषाही तिथपर्यंत पोचत नाही.